फवारणाऱ्याचा डबा

यवतमाळला आमच्या गल्लीत दर रविवारी रहीमभाई भंगारवाला येतो. त्याची आणि माझी जुनी कटकट आहे. मी त्याला रद्दी देते, लोखंड देते, फुटकी बादली देते. पण प्लास्टिकचा डबा किंवा कॅन दिला की त्याच्या बुडाला तीन-चार भोकं पाडलेली असतात. गॅसवर दाभण तापवायची आणि आरपार घालायची, हे माझं ठरलेलं. "बाई, अच्छा खासा डब्बा राहते न् तुम्ही छेद करून ठेवता," तो वैतागतो. "साबूत दिला तं कोनाच्या कामी येईन ना." मी म्हणते, "म्हणूनच तर पाडते." तो मान हलवत गाडा ढकलतो. तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडून बाईंचं डोकं जरा सरकलं, असं त्याला वाटत असणार. वाटू दे बापडा.

बाकी मी काही फेकत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आंघोळीचं पाणी कढीपत्त्याला, भाजीची देठं माठातल्या खताला, जुन्या साड्यांच्या पिशव्या, भांड्याला राख. राख कुठून आणता म्हणून शेजारणी विचारतात. मी सरळ चौकातल्या इस्त्रीवाल्याकडे डबा घेऊन जाते, लाज कसली त्यात. मागच्या साली एका शाळेनं मला पोरांपुढं बोलायला बोलावलं. मागं भलामोठा फलक, 'पर्यावरणस्नेही सवयी'. फलक प्लास्टिकचा होता, ते मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं आणि मुख्याध्यापिकाबाईंचं तोंड उतरलं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "आजी, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "माझ्या मायनं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. राहिलेलं अर्धं इथं लिहिते. ऐकून ज्यांना त्रास झाला असता ती माणसं आता राहिली नाहीत, मी सोडून.

हैद्राबादला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून कोसभर आत, पांढरकवड्याच्या अलीकडे, आमचं गाव. गावाच्या टोकाला आम्हा बौद्धांची वस्ती, तिच्यात आमच्या दोन खोल्या. घरात चौघं: बाबा, माय, मी आणि माझी धाकटी बहीण बेबी. मी बारा वर्षांची, बेबी सहाची. बाबा दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जायचे, माय निंदणाला आणि वेचणीला. मायला आमच्या वस्तीत सगळ्या बाया हसायच्या. तिच्या हातून सुतळीचा तुकडा फेकला जात नव्हता. लुगडं विरलं की त्याची वाकळ, वाकळ विरली की चूल सारवायचं पोतेरं, पोतेरं विरलं की तेच चुलीत. भांड्याचं पाणी कारल्याच्या वेलाला. वेचणी संपली की कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून आणायच्या आणि वर्षभर त्यांच्यावर भाकरी भाजायच्या. पळसाची पानं सावलीत वाळवून तिनं अशा पत्रावळी लावाव्या की लग्नघरची माणसं शोधत यायची. शेजारची कौसाबाई म्हणायची, "अवं, तुह्या घरी उंदीर जरी मेला तं त्याच्या मिशांचा झाडू करशीन तू!" माय हसून म्हणायची, "फेकाचं कायले? हाय ना कामाचं." हे तिचं पालुपद. दिवसातून दहादा कानावर यायचं, आणि तिच्या राखेच्या घासण्याचा तो खर्र-खर्र आवाज. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो आवाज यायचा न् मागून चुलीवरच्या भाकरीचा वास. कण्या आणि ताक, अंबाडीची भाजी, तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची आमटी. गरिबी होती, पण त्या घरात मला कधी काही कमी वाटलं नाही, ते मायच्या या खटपटीमुळं. आज मी जे काही करते आणि ज्याचं कौतुक होतं, ते सगळं त्या खर्र-खर्र आवाजातून आलेलं आहे.

त्या सालांत कपाशीवर अळी मातली. आधी हंगामात एखाद-दोन फवारण्या पुरायच्या. मग पंधरा दिवसाला, मग आठ दिवसाला. बोंडं किडून गळायची, मालक आणखी जहाल औषध आणायचा, अळी तशीच. बाबा सकाळी पाठीवर पंप चढवून निघायचे, आणि घरामागच्या वावरातून त्या दांड्याचा खट्-फुस्स, खट्-फुस्स असा आवाज दुपारपर्यंत यायचा. संध्याकाळी ते आले की माय त्यांना घरात घेत नसे. मोरीत उभं करून आधी अंगावर पाणी ओतायची. कपडे वेगळे धुवायची. एवढी अक्कल तिला होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. लोक नंतर फार बोलले.

आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. औषध संपलं की रिकामा डबा फवारणाऱ्याचा. मालकानं मागायचा नाही आणि दुसऱ्या गड्यानं हात लावायचा नाही. पाच लिटरचे ते डबे, पांढरे, निळे, कडीचे, फिरकीच्या झाकणाचे. त्याआधी आमच्या घरी तेलाचे पत्र्याचे पिपे होते, ते गंजायचे. मातीची मडकी फुटायची. हा डबा पडला तरी फुटत नाही, वावरात न्यायला हलका, पाणी सांडत नाही. ज्यांच्या घरचा माणूस फवारणीला जाई त्या बाया ऐटीत डबे मिरवायच्या, ज्यांचा जात नसे त्या उसना मागायच्या. कपाशी बुडत चालली होती आणि घराघरांत डबे वाढत होते. मायच्या हिशेबी तर ही लॉटरीच होती. फेकायचं कशाला, कामाचं आहे.

डबा धुवायची मायची पद्धत होती. पहिल्या दिवशी राखेचं पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ओतून पुन्हा राख. मग चिंचेचं पाणी, मग कडूलिंबाच्या पाल्याचं. प्रत्येक वेळी पाणी गावाबाहेरच्या नाल्याकडेला, जिथं ढोरं जात नाहीत तिथं ओतायचं. मग तोंड उघडं ठेवून उन्हात. आठ दिवस. आठव्या दिवशी ती डब्यात नाक घालून हुंगायची. वास आला तर त्यात घासलेट, नाही आला तर पिण्याचं पाणी. वास गेला म्हणजे विष गेलं, असं तिला वाटायचं. गावात सगळ्यांनाच वाटायचं. मी पुढं शिकले, वाचलं, तेव्हा कळलं की तो डबा आठ दिवस काय न् आठ महिने काय, खाण्यापिण्यासाठी धुतला जातच नाही. हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. मायला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी वाचलं नाही.

पहिल्या वेचणीच्या दिवशी मालकाच्या वावरात सीतादही व्हायचं. दहीभाताचा घास धुऱ्यावर, वावराच्या बांधावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, मग पहिला कापूस वेचायचा. आमच्या घरानं देवधर्म कधीच सोडला होता, त्यामुळं पूजेला माय बाजूला उभी राही. पण दुपारी मालकीणबाई वेचणाऱ्या बायांना घागरीतून ताक वाटायच्या, ते सोडायचं काही कारण नव्हतं. ज्यानं त्यानं आपलं भांडं आणायचं, भांडं असेल तेवढं ताक. आदल्या साली आम्ही नेला होता एक तांब्या. बेबीच्या वाट्याला चार घोट आले आणि तिनं घरी येईपर्यंत भोकाड पसरलं होतं. "पुढच्या सालाले मोठ्ठं भांडं नेजो, ताई," असं तिनं मला वर्षभर बजावलं होतं.

बाबांनी तीन दिवसांपूर्वी नवा डबा आणला होता. पांढराशुभ्र, निळ्या झाकणाचा. मायनं त्याला दोनदा राखेचं पाणी दिलं होतं आणि कुंपणाच्या खुंटावर पालथा घातला होता. आणखी पाच दिवस जायचे होते. सकाळी माय पुढं गेली. मी डबा खुंटावरून काढला, हातपंपावर नेला, दोन मुठी राख घालून खळखळून धुतला, पुन्हा धुतला, कडूलिंबाचा पाला कोंबून धुतला. हुंगला. वास होता. हात आत जाईना म्हणून काडीला चिंधी बांधून घासला, ती चिंधी हातानंच पिळली, पुन्हा हुंगला. वास थोडा कमी वाटला. की मीच तसं वाटून घेतलं? इतकी वर्षं मी त्या एका क्षणापाशी उभी आहे आणि मला अजून सांगता येत नाही. बेबी शेजारी उभी राहून नाचत होती. "झाला का वं ताई? झाला का?" मी म्हटलं, "झाला."

दुपारी ताकाची हाक आली. माय लांबच्या तासात, कपाशीच्या पार पलीकडच्या ओळीत होती. मी डबा पुढं केला आणि मालकीणबाईंनी तो अर्धा भरला. जिरं-मीठ घातलेलं आंबट ताक, त्याच्या वासापुढं दुसरा कसला वास येणार. बाभळीखाली आम्ही बसलो. बेबीनं झाकणात ओतून घ्यायलाही दम धरला नाही, दोन्ही हातांनी डबा उचलून तोंडाला लावला. गटागट प्यायली. मी एक घोट घेतला, तो कडवट लागला. "बेबे, ताक कडू हाय वं," मी थुंकत म्हटलं. "आंबट हाय, कडू नाई," ती म्हणाली आणि पुन्हा प्यायली. मी डबा तिच्या हातातून काढून घेतला नाही. काढून घेतला असता तर तिला रडू आलं असतं, एवढंच माझ्या मनात आलं.

थोड्या वेळानं तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग उलटी झाली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, अंग घामानं निथळलं. मी तिला उचललं आणि "माय वं!" म्हणून किंचाळले. माय ओटीतला कापूस तिथंच सांडून धावत आली. तिनं बेबीचा चेहरा पाहिला. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. मग तिनं बाभळीखालचा तो डबा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. बेबीला माझ्याकडून घेतलं आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेनं पळत सुटली. मी मागं. शेजारच्या वावरातून बाबा पंप टाकून धावत आले. रस्त्यावर एका ट्रकवाल्यानं लगेच गाडी थांबवली. परमुलखातला सरदारजी होता, त्यानं काही विचारलं नाही, पांढरकवड्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. त्या माणसाचं तोंडही मला धड आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बेबीला आत घेतलं. चांगला माणूस होता, त्यानं आणि नर्सबाईनं होतं नव्हतं ते केलं. औषधाच्या डब्यातलं ताक प्यायली, हे मायनं त्याला आधीच सांगितलं होतं. बाहेर येऊन त्यानं विचारलं, "डबा कोणी धुतला होता?" मी मायच्या मागं सरकले. माय म्हणाली, "म्या धुतला, डॉक्टरसाहेब. एकच पानी मारलं. घाई झाली मले." बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. ते डॉक्टरांच्या मागं आत गेले.

तेवढ्यात मायनं माझं मनगट धरलं आणि मला दवाखान्याच्या आवारातल्या नळावर नेलं. चहावाल्याकडून साबणाचा तुकडा मागून आणला. माझे हात कोपरापर्यंत घासायला लागली. बोटांची पेरं, नखांच्या आत, तळवे. धुवायची, नाकाशी धरायची, पुन्हा साबण लावायची. नळाकडेची माती घेऊन घासलं. माझी चामडी लाल झाली. "माय, दुखते ना वं," मी म्हटलं. ती ऐकतच नव्हती. आत बेबी तशी आणि ही माझे हात धूत बसली, मला वाटलं हिचं डोकं फिरलं. शेवटी तिनं माझे हात आपल्या पदरानं कोरडे केले आणि म्हणाली, "जाय. बाबाजवळ बस." बाबांनी मला जवळ घेतलं, माझे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. दिवस मावळायच्या आत बेबी गेली.

तिसऱ्या दिवशी मायनं घरातले सगळे डबे अंगणात आणले. सात होते. विळा तापवून तिनं एकेकाच्या बुडाला भोकं पाडली. मग वस्तीत घरोघर जाऊन म्हणाली, "तुमचेबी आना." काहींनी दिले. काहींनी दार लावून घेतलं. कौसाबाई, जी एरवी थट्टा करायची, ती ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणाली, "चिंधी फेकवत नव्हती या बाईले, मंग लेकरू फेकलं." माय ते ऐकून, मिळाले तेवढे डबे घेऊन घरी आली. मी दाराआड होते. तेव्हा बाहेर येऊन मला सांगता आलं असतं. बारा वर्षांची होते, तोंड होतं मला. नाही सांगितलं. भीती वाटली, आणि मग एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड होतं, तसं होत गेलं.

बाबांनी मायला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. फक्त बोलणं टाकलं. "शोभा, तुह्या मायले सांग, भाकर वाढ," असं माझ्यामार्फत. माय समोरच बसलेली असायची. ती वाढायची. असं एक-दोन वर्षं नाही, बाबा गेले तोवर चाललं. मला मात्र त्यांनी जीव लावला, पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. मी मास्तरीण झाले तेव्हा वस्तीत पेढे वाटले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात माय त्यांचे पाय चेपत बसायची आणि ते भिंतीकडे तोंड करून असायचे. मला रोज वाटायचं, आज सांगू. ते गेले आणि ती गोष्ट माझ्याजवळच राहिली.

मायनं आपल्या सवयी सोडल्या नाहीत, हे मला फार काळ समजत नव्हतं. मला वाटलं होतं, आता ही सगळं फेकून देईल. पण वेलाला पाणी जात राहिलं, वाकळी शिवल्या गेल्या, पऱ्हाट्या आल्या. फक्त "फेकाचं कायले" हे शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

म्हातारपणी ती माझ्याकडे यवतमाळला आली. पायानं अधू झाली होती, तरी बसल्या जागी हात चालू. एका हिवाळ्यात दुपारच्या वेळी आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. ऊन पाठीवर होतं. का कोण जाणे, त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. "माय, तो डबा म्या धुतला होता. तू नाई."

तिचे हात थांबले नाहीत. "मालूम हाय," ती म्हणाली.

"मालूम हाय? कवापासून?"

"वावरातच. तुह्याकडून बेबीले घेतलं तवा तुह्या हाताले वास येत होता. म्हनून तं दवाखान्यात धुतले तुहे हात. तुहा बाप जिंदगीभर औषधातला मानूस, वासावरून कोनतं औषध ते ओयखनारा, त्यानं तुहा हात धरला असता तं त्याले लगेच समजलं असतं."

माझ्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. मी रडायला लागले, साठीकडं झुकलेली बाई, लेकरासारखी. "बाबा तुह्याशी मरेपर्यंत बोलले नाई, माय. काहून सांगलं नाई त्यायले?"

"सांगलं असतं तं तुह्याशी बोलनं टाकलं असतं त्यानं. शाळा सुटली असती तुही." ती थोडा वेळ सोले निवडत राहिली. "न् डबा घरात ठेवाची सवय माहीच ना वं. तू एक दिवस देल्ला, म्या आठ देल्ले असते. इख तं इखच. आज नाई तं उद्या झालं असतं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दोन पोट्ट्या होत्या मले. एक गेलती. दुसरीलेबी घालवू का?"

मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिनं हात फिरवला, सोले सोलून हिरवट झालेला, खरखरीत. ऊन सरकून भिंतीवर गेलं. मग तिनं मला उठवलं आणि सुपाकडे बोट दाखवलं.

"टरफलं फेकू नको," ती म्हणाली. "कढीपत्त्याच्या बुडाशी टाक. न् मंग हात धू."

मी टाकली. हात धुतले. आणि तिथंच नळाशी उभी राहून, कोणी बघत नाही असं पाहून, ते नाकाशी धरले.